माझ्या अंगावरची चौथी ओळ

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना फलक आहे. चार फूट रुंद, तीन फूट उंच, दोन लोखंडी पायांवर उभा. माझ्या अंगावर चार ओळी होत्या. त्यांतल्या तीन बरोबर होत्या. चौथी चूक होती आणि त्या चुकीने एका बाईचा जीव गेला. माझी गोष्ट म्हणजे त्या ओळीची गोष्ट आहे. जे मी स्वतः पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन. जे ऐकले ते कोणाच्या तोंडून ऐकले, तेही सांगेन.

मी आधी दुसऱ्याच कामाचा होतो. माझ्यावर सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात होती. हिरवे शेत, शेंगांचा घोस आणि मिशीवाला हसरा शेतकरी. गोंडपिपरीकडे येणाऱ्या रस्त्यावर एका वळणावर मी सात पावसाळे काढले. एस.टी.तले प्रवासी माझ्याकडे बघत, शेळ्या माझ्या सावलीत बसत. पुढे ते बियाणे बाजारातून गेले. माझा एक पाय गंजून मोडला आणि मी गवतात आडवा झालो. दोन वर्षे माझ्याखाली विंचवांनी संसार केला.

तिथून मला गुलाब पेंटरने उचलले. त्याचे दुकान गोंडपिपरीच्या बसथांब्याजवळ आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरवरची नावे, लग्नघराच्या भिंतीवरची नवरा-नवरीची नावे, सगळे तोच काढतो. त्याने मला पॉलिश पेपरने घासले. मिशीवाला शेतकरी पुसला गेला. नवे पाय जोडले, पिवळा रंग दिला. त्या दिवशी मला पुन्हा कोणीतरी झाल्यासारखे वाटले.

एका संस्थेने गुलाबला पाच फलकांचे काम दिले होते. ज्या गावांच्या आसपास वाघ फिरतो, त्या गावांच्या वेशीवर आम्हाला उभे करायचे होते. मजकुराचा कागद इंग्रजीत होता. मराठी कागद मागाहून पाठवतो, असे त्यांनी सांगितले होते. तो आला नाही. मोहफुले पडायला आठच दिवस उरले होते. त्या दिवसांत बायका पहाटेपासून जंगलात वाकून फुले वेचतात, आणि वाकलेले माणूस वाघाला माणसासारखे दिसत नाही. म्हणून काम त्याआधी व्हायलाच हवे होते.

त्या दुपारी दुकानासमोरून मयुरी चालली होती. चिचटोला गावच्या मुखरू आणि आशाबाई यांची ही मुलगी गोंडपिपरीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. गुलाबने तिला हाक मारली. मी तेव्हा दोन स्टुलांवर आडवा ठेवलेला होतो, त्यामुळे सगळे बोलणे माझ्या अंगावरच झाले.

"मयुरी, जरा इकडे ये वं. हे इंग्रजी काय म्हंते सांग. मले अक्षरं काढता येते, अर्थ नाई येत."

"भाऊ, वीस वर्षांपासून तुमी इंग्रजी पाट्या रंगवून राह्यले!"

"हो त. 'मोबाईल रिपेरिंग' मी डोळे मिटून लिवतो. हे त्याच्यात बसत नाई."

मयुरी हसली. तिने पिशवीतून छोटा शब्दकोश काढला. पहिल्या तीन ओळी तिला सहज जमल्या. एकट्याने जंगलात जाऊ नका. बोलत, आवाज करत चाला. वाघ दिसल्यास पळू नका. चौथ्या ओळीत तीनच शब्द होते. बॅक अवे स्लोली.

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. मयुरीने शब्दकोशात 'बॅक' काढला. त्याच्यापुढे पाच अर्थ होते. पहिला होता पाठ. मग तिने 'अवे' काढला. त्याचा अर्थ दूर. 'स्लोली' तिला येतच होता. पाठ, दूर, हळूहळू. हे तीन तुकडे एकमेकांना धरत नव्हते. वाक्य पुरे व्हावे म्हणून तिने मध्ये आपल्याकडचा एक शब्द घातला. ओळ झाली: 'पाठ फिरवून हळूहळू दूर जा.' 'फिरवून' हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता.

गुलाबचा कुंचला थांबला. "पाठ फिरवाची? वाघासमोर?"

"इंग्रजीत तसंच हाये, भाऊ."

"मग ठीक हाये. शिकलेल्या मानसायनं लिवलं असन त कायले तरी लिवलं असन."

त्याने ओळ काढली. 'फिरवून'मधली वेलांटी त्याने दोनदा तपासली, मयुरीने एकदा. अर्थ कोणी तपासला नाही.

सातव्या दिवशी मला चिचटोल्याला आणले. गावाचे शेवटचे घर संपते आणि जंगलाची पायवाट सुरू होते, तिथे माझे पाय सिमेंटमध्ये रोवले. मयुरीने माझ्यासमोर बायकांना जमवले आणि चारही ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या. त्या बायकांपैकी एकीलाही वाचता येत नव्हते. पुढे उभी होती मंगलीबाई, साठी ओलांडलेली गोंड बाई. तिचा सगळा जन्म मोह, तेंदू आणि चारोळी वेचण्यात गेला होता. चौथी ओळ ऐकून तिने विचारले,

"कोनाची पाठ फिरवाची? आपली का वाघाची?"

बायका खदखदून हसल्या.

"आपली, आजी," मयुरी म्हणाली.

"मंग त झालं. त्याले पाठ दिसली म्हंजे हरीन दिसलं. मी त उलट्या पायानं मागं येतो. माह्या मायनं तसंच शिकवलं."

"आजी, हे वाघाचा अभ्यास केलेल्या लोकायनं लिवलं हाये."

"अभ्यास केला असन, बाप्पा. पन वाघानं वाचला का?"

आता सगळ्याच हसल्या. फक्त आशाबाई हसली नाही. ती पदर खोचून पुढे आली. "हासा, मंगलीबाई, हासा. माह्या पोरीनं इंग्रजीतून काहाडलं हाये हे. आपन जनमभर मोहच वेचला, आपल्याले काय समजते?"

मंगलीबाईने टोपली कमरेवर घेतली आणि ती निघाली. आशाबाईचा अभिमान तिला मोडायचा नव्हता, असे मला वाटते.

त्यानंतर आशाबाई रोज सकाळी टोपली घेऊन माझ्यासमोर थांबायची. तिला अक्षर येत नव्हते, पण चारही ओळी पाठ झाल्या होत्या. प्रत्येक ओळीवर बोट फिरवत ती त्या म्हणायची आणि मगच पायवाटेला लागायची. दुसऱ्या बायकाही तिच्यामागे म्हणू लागल्या. जाहिरातीकडे लोक नुसते बघत असत. इथे मला कोणी हात लावत होते, माझे ऐकत होते. मित्रांनो, ते बारा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. म्हणूनच ते आठवायला मला नको वाटतात.

तेराव्या दिवशी सूर्य उगवून तासभर झाला होता. आशाबाई आणि मंगलीबाई नाल्याकाठच्या मोहाखाली वेचत होत्या. माझ्यापासून ती जागा दीडशे पावलांवर आहे आणि मधे झुडपे नाहीत. वाघ नाल्यातून वर आला. मंगलीबाईने त्याला आधी पाहिले आणि ती उभी राहिली. मग आशाबाईही उभी राहिली. मंगलीबाई त्याच्याकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे येऊ लागली. आशाबाईने टोपली खाली ठेवली, वाघाकडे एकदा पाहिले आणि पाठ फिरवली. मंगलीबाई काहीतरी ओरडली. आशाबाई काहीतरी बोलली. काय ते मला इतक्या दूरवरून कळले नाही.

आशाबाई माझ्याच दिशेने येत होती. तिची पावले मी मोजली. ती नऊ होती. सगळी हळू टाकलेली होती. दहावे पाऊल पडले नाही.

मंगलीबाई वाचली.

त्या दिवशी पुष्कळ माणसे आली. काहींनी माझाही फोटो काढला. दुसऱ्या दिवशी एकाने माझ्यासमोर उभे राहून पेपर मोठ्याने वाचला. वाघ पाहून आशाबाई घाबरून पळाल्या, म्हणून वाघाने हल्ला केला, असे त्यात होते. ऐकणारे माना हलवत होते. "फलकावर लिवलं हाये नं पळू नोका म्हून. तरी पळली." कोणीतरी माझ्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले. ती पळाली नव्हती, हे मला ठाऊक होते. पण मला तोंड नाही. जे लिहिलेले असते तेवढेच मी बोलतो.

दहा दिवसांनी मयुरी माझ्याजवळ येऊन बसली. मंगलीबाई काठी टेकत जंगलाकडून येत होती. तिला पाहून मयुरी म्हणाली, "आजी, माय पळली काऊन? मी तिले किती वेळा सांगतलं होतं."

"कोन म्हंते पळली?"

"पेपरात हाये. सगळे म्हंतेत."

"सगळे तिथी होते का? मी होती. नाई पळली तुही माय." मंगलीबाई खाली बसली. "हळूहळू चालली. पाठ देऊन. मी वरडली, आशा, पाठ नोको देऊ! त तिनं मान बी नाई वळवली. म्हने, 'लिवलं हाये तसंच करून राह्यली, मंगलीबाई.'"

मयुरीने माझ्याकडे पाहिले. मंगलीबाईनेही पाहिले, आणि मग तिला कळले की आपण कोणाला काय सांगून बसलो. तिने मयुरीच्या पाठीवर हात ठेवला. मयुरी उठून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गुलाबला मोटारसायकलवरून घेऊन आली. कॉलेजात इंग्रजीच्या मॅडमना ती विचारून आली होती. काय झाले ते तिने गुलाबला सांगितले आणि मी ऐकले.

"मॅडमनं मले वर्गात उभं केलं, भाऊ. म्हने, समज मी वाघ हाये, आता बॅक अवे कर. मी वळली आन चालली. त म्हने, नाई, हे 'टर्न अवे' झालं. बॅक अवे म्हंजे तोंड माह्याकडे आन पाय मागं. 'बॅक' इथी पाठ नाई. इथी ते काम हाये, मागं सरकाचं. दोन्ही शब्द मिळून एक. तोडून अर्थ नाई पाहाचा."

"म्हंजे मंगलीबाई म्हने तेच."

"तेच."

गुलाबने माझ्या चौथ्या ओळीवर बोट ठेवले. "मंग ते 'फिरवून' कुठून आलं, वं?"

"ते माह्यातून आलं."

गुलाबने डबा उघडला. "मीबी त इचारलं होतं, पाठ फिरवाची का म्हून. आन मंग चूप बसलो. तू कोनाले काई सांगू नोको. मी आत्ता बदलतो. बाकी चारही बदलतो. कोनाच्या ध्यानातबी नाई येनार."

तेवढ्यात मुखरू आला. बायको गेल्यापासून तो घराबाहेर फारसा निघत नव्हता. त्यालाही मुलीने रात्रीच सांगितले होते. तो हळू आवाजात म्हणाला, "गुलाब बरोबर म्हंते, पोरी. मी एक मानूस गमावला. लोकायले हे समजलं त तुले जनमभर नाव ठेवतीन. मायले पोरीनं मारलं म्हंतीन. रंग लावू दे आन चूप राय."

मुखरूचे काही चूक नव्हते. तो आपले उरलेले माणूस सांभाळत होता. गुलाबने जुनी ओळ खरवडली, पिवळा हात मारला आणि रंग वाळल्यावर नवी ओळ काढली: 'तोंड वाघाकडेच ठेवा, उलट्या पायांनी हळूहळू मागे या.' माझ्या अंगावर आता चारही ओळी खऱ्या होत्या. मला वाटले, संपले.

दुसऱ्या सकाळी बायका टोपल्या घेऊन आल्या. मोह अजून आठ-दहा दिवस पडणार होता. आशाबाई गेल्यापासून त्या माझ्या ओळींना आणखीच धरून होत्या. माझ्यासमोर थांबल्या, बोटे फिरवली आणि एका सुरात म्हणाल्या, "एकट्यानं जाऊ नोका. बोलत चाला. वाघ दिसला त पळू नोका. पाठ फिरवून हळूहळू दूर जा."

नव्या ओळीवर बोट होते आणि तोंडात जुनी होती.

मित्रांनो, फलकाच्या वाट्याला याहून वाईट काही येत नाही. मी खरे सांगत होतो आणि ते कोणाला वाचता येत नव्हते. मी खोटे सांगितले ते मात्र सगळ्यांना पाठ होते.

मयुरी तिथे उभी होती. ती म्हणाली, "काकू, ते चौथं..." बायका थांबल्या. "काई नाई," ती म्हणाली आणि बाजूला झाली. दुसऱ्या दिवशीही ती आली. त्या दिवशी तिचे तोंडच उघडले नाही. गुलाबला तिने एक गोष्ट सांगितली होती, ती मला तेव्हा आठवली. मॅडम म्हणाल्या होत्या की बॅक अवे फक्त पायांनीच करतात असे नाही. एखादी गोष्ट करायची ठरवलेली असते, ती अंगावर येते, आणि माणूस तिच्यावरून हळूच मागे सरतो. त्यालाही इंग्रजीत हेच म्हणतात. वाघासमोर जे शहाणपण असते, ते इथे असतेच असे नाही.

तिसऱ्या सकाळी ती बायकांच्या आधी आली आणि पायवाटेच्या मधोमध उभी राहिली.

"काकू, चौथी ओळ चूक होती," ती म्हणाली. "मी इंग्रजीचा अर्थ चूक काहाडला. वाघाले पाठ दाखवाची नाई. माय पळली नाई. मी लिवलं तसं तिनं केलं, म्हून गेली."

कोणाच्या हातातली काठी खाली पडली. एक बाई म्हणाली, "म्हंजे तूनंच..." आणि शेजारणीने तिचा हात दाबला. आशाबाईची सख्खी बहीण त्या बायकांत होती. तिने मयुरीकडे पाहिले, टोपली उचलली आणि गावाकडे निघून गेली. ती अजून मयुरीशी बोलत नाही. दोन वर्षे झाली.

बाकीच्या बायका त्या सकाळी तिथेच थांबल्या. मग मंगलीबाईने काठी माझ्या अंगावर आपटली.

"चला वं, रांगेत उभ्या राहा. हा पत्रा म्हंजे वाघ."

"पिवळा त हायेच," मागून कोणीतरी म्हणाले.

"डोळे त्याच्यावर. पाय उचलाचा नाई, घासत मागं न्याचा. आंगठ्यानं जमीन पाहाची, मंग टाच टेकाची. टोपली टाकून द्या, जीवाहून मोठी नाई. हां, सरका."

बायका माझ्याकडे तोंड करून मागे सरकू लागल्या. एकीचा पाय मुळाला अडकला आणि ती बसकन पडली. सगळ्या हसल्या आणि मग, कशासाठी हे चालले आहे ते आठवून, एकदम गप्प झाल्या. मंगलीबाईने तिला उठवले आणि पुन्हा रांगेत उभे केले. दहा वेळा, बारा वेळा त्यांनी ते केले. ओळ पाठ करायला एवढा वेळ लागला नव्हता.

सगळ्यांत शेवटी मयुरी उभी राहिली. अंगठा, मग टाच. ती बरोबर मागे जात होती. मंगलीबाई म्हणाली, "बस झालं, पोरी. वळ आता." ती वळली नाही. माझ्यावरची नजर न काढता, वाटेतले दगड पायाने चाचपत, ती गावाच्या शेवटच्या घरापर्यंत उलट्या पायांनी गेली. तिथे आपल्या दारात मुखरू उभा होता. तिची पाठ त्याला लागली तेव्हा ती थांबली.

बाकी चार गावांतले फलक गुलाबने आठवडाभरात बदलले. मयुरी त्याच्याबरोबर चारही गावांत गेली. दोन गावांत बायका जमल्या आणि त्यांनी ऐकून घेतले. दोन गावांत कोणी आले नाही. तिथल्या बायकांच्या तोंडात कोणती ओळ आहे ते मला माहीत नाही.

आता माझ्या कडांना गंज चढला आहे. पिवळा रंग उन्हाने विटला आहे. दर वर्षी मोह पडण्याआधी मंगलीबाई माझ्यासमोर बायकांची रांग लावते आणि मी वाघ होतो. यंदा तिची काठी जरा कापत होती. मयुरी बी.ए. झाली. ती आता गावातल्या बायकांना अक्षरे शिकवते. शिकवताना शब्दाचा अर्थ ती आधी त्यांनाच विचारते, मग आपला सांगते.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या गावाच्या वेशीवर माझ्यासारखा एखादा फलक असेल. तुम्हाला वाचता येते, म्हणून तो तुम्हीच वाचून दाखवाल. दाखवा. पण वाचून झाल्यावर, जिला अक्षर येत नाही आणि जंगल येते, अशा एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारा, हे खरे आहे का. ती नाही म्हणाली, तर माझे ऐकू नका.